बीच क्लब, बाबा आणि पाच जणांची एक खोली

बाबा दाभोळहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले आणि मुलांनी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डचा हट्ट धरला. बाबांचे गुडघे बघता माझी एकच अट होती, दुपारी थकलं की पार्कातून चालत खोलीवर येता आलं पाहिजे. त्यावरून डिस्नेचं बीच क्लब हॉटेल ठरलं. हे आणि शेजारचं यॉट क्लब, दोन्ही १९९०ची. वास्तुविशारद रॉबर्ट स्टर्न यांनी अमेरिकेतल्याच न्यू इंग्लंडच्या समुद्रकाठच्या जुन्या हॉटेलांच्या धाटणीवर ती आखली. पुढ्यात मात्र समुद्र नाही, तळं आहे.

भाडं ऐकून नवरा गप्प बसला. वर १२.५ टक्के कर, आणि खोलीत दोनपेक्षा जास्त मोठी माणसं असतील तर तिसऱ्याचे रोज वेगळे पैसे. मी आधी चौघांचीच नावं घातली होती, मग फोन करून बाबांचं नाव चढवलं. पाच जणांना चालणारी खोली मिळाली, म्हणजे दोन मोठे पलंग आणि एक दिवाणासारखा छोटा. मुलांच्या मते तो छोटा पलंग म्हणजे बोटीतला बंक. त्यावरून रोज रात्री मारामारी. गाडी लावायचे पैसे पडले नाहीत, तेवढाच दिलासा.

खोली तीननंतर मिळणार होती. बॅगा खाली ठेवून सगळे हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. स्टॉर्मअलाँग बे म्हणजे जवळजवळ तीन एकरांचं पाणी, आणि चक्क वाळूचा तळ. पाण्यात शिरायला मनगटावर पट्टी लागते, ती आधी घ्या. फुटक्या जहाजातून निघणारी घसरगुंडी बघून बाबा म्हणाले, "हे बुडालेलं नाही, बसवलंय." दाभोळच्या माणसाला पैसे मोजून वाळूत पाय घालायला लावणारी मुलगी मीच! चारच्या सुमारास गडगडलं आणि शिट्टी वाजली. विजा असेपर्यंत कुणालाही पाण्यात सोडत नाहीत. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारच्या सरी नेहमीच्याच, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून पोहणं सकाळी.

डिस्नेच्या एपकॉट पार्कचं मागचं प्रवेशद्वार चालत दहा मिनिटांच्या आत आहे, आणि आत शिरताच पार्कात उभारलेल्या ब्रिटन आणि फ्रान्सच्या मधोमध आपण उभे. हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कात अर्धा तास आधी सोडतात. माझ्या मते पैसे वसूल होतात ते याच दोन गोष्टींत, खोलीच्या सजावटीत नाही. मॅजिक किंगडम या दुसऱ्या पार्कला मात्र बसनेच जावं लागतं, तिथे ही सगळी जवळीक काही कामाची नाही.

बाबांना पार्कांपेक्षा आवडली ती तळ्यावरची बोट. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांना ती फुकट नेते. बाबा तिला पहिल्या दिवसापासून लाँचच म्हणत होते. धक्क्याला लागताना सुकाणूवरची मुलगी वेग कसा तोडते, हे बघायला ते मुद्दाम पुढे बसत. दोर टाकणाऱ्या पोराला एकदा मराठीतच "जरा ढील दे" म्हणून झालं.

शेवटच्या दिवशी अकराला खोली सोडायची होती. साडेदहाला बाबा बेपत्ता. मी बॅगा घेऊन धक्क्यावर उभी, आणि समोरून बोट येतेय, पुढच्या बाकावर बाबा. उतरलेच नाहीत. हात हलवला आणि पुढच्या फेरीला निघून गेले.