तुझ्यासारखं काहीतरी

चिनूची दहावी झाली, आता घरात अकरावीचा घोळ. काल ताईचा फोन आला. "गणित नको म्हणतेय. तुझ्यासारखं काहीतरी सांग ना तिला."

तुझ्यासारखं काहीतरी. ताई सहज बोलून गेली, तिच्या मनात काही नसतं. पण भांडी घासताना तेच, अंथरुणावर पडल्यावर तेच. म्हणजे घरात माझं काम असं ओळखलं जातं तर: ज्यांना गणित येत नाही त्यांची सोय. भाषांतर मी निवडलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. बी. ए.ला मराठी घेतलं ते आवडीनेच की. का बीजगणिताकडे पाठ केल्यावर जी पहिली वाट दिसली ती धरली? बाबा बँकेत होते, त्यांची बेरीज नुसत्या नजरेने व्हायची. माझी वही बघून ती परत सरकवायचे, बोलायचे काहीच नाहीत. ते एक असो.

एकोणसाठ ऐकलं की माझा हात आजही ६९ लिहायला जातो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं तेव्हा आख्खा महाराष्ट्र खवळला होता. मी गुपचूप खूश होते.

निवडलं की पळाले? सकाळी चहा करतानाही हेच.

दुपारी चिनू आली, चक्क यादी घेऊन. मानसशास्त्र. म्हटलं, पुढे संख्याशास्त्राचा पेपर असतो बाई. वकिली? प्रवेशाची क्लॅट परीक्षा असते, तिच्यात दहा टक्के प्रश्न आकडेमोडीचे. लहान मुलांना शिकवणं? टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, तिच्या पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण गणिताचे. एकेका नावावर काट बसत होती तसा तिचा चेहरा उतरत होता आणि मला, खोटं कशाला लिहू, जरा बरं वाटत होतं. पळून जायला जागाच फारशी नाहीये, मग मी पळाले असले तरी कुठवर पळणार होते!

"आणि तुझ्या कामात? नसतं ना?"

तिला परवाचा मजकूर दाखवला. इंग्रजी आकडे मिलियन-बिलियनमध्ये, आपल्याला हवेत लाख-कोटी. २.३ बिलियन म्हणजे २३० कोटी, हे मला आजही कागदावर शून्यं मांडल्याशिवाय पटत नाही. मांडायची, मग उजवीकडून आधी तीन, पुढे दोन-दोन अशी तोडायची, मग पुन्हा मोजायची. क्रियापद एखादं निसटेल माझ्याकडून, पण आकडा निसटत नाही. ज्यांना गणित येतं ते कशाला तपासतील? भीतीचा एवढा उपयोग झालाय, हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय.

मग तिने विचारलं, पैसे कसे मिळतात? शब्दावर. कुठले शब्द मोजतात? मराठी, म्हटलं, झालेल्या भाषांतराचे. तिने तोच मजकूर ओढून घेतला, एक परिच्छेद बोटाने मोजला. इंग्रजीचे १२०, माझे ९६.

"मावशी, 'इन द हाउस'चे तीन आणि 'घरात'चा एकच. तू जितकं नीट लिहिशील तितके तुझे पैसे कमी."

मोबाइलला हात न लावता म्हणाली, वीस टक्के. गणित नको म्हणणारी पोरगी! इतकी वर्षं मी बिलं पाठवतेय, टीडीएस कापून आलेले पैसे बघून हुश्श करतेय, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. हसायला आलं. मग थोडं रडायलाही, पण पोरीसमोर कुठे.

अकरावीचं काही ठरलं नाहीच. ताईला काय सांगायचं ते चिनूच बघेल.

संध्याकाळी मेल टाकली: दर तोच राहू द्या, शब्द मात्र मूळ इंग्रजीचे धरा. उत्तर आलेलं नाही. हिशेब चिनूकडून तपासून घेतला होता.