चेअरमन कोण, हे म्युच्युअल फंडातही विचारावे

कोल्हापुरात पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत ठेव ठेवण्यापूर्वी माणूस व्याजदराच्याही आधी एक प्रश्न विचारतो : चेअरमन कोण? त्याची शेती किती, उद्यमनगरातला कारखाना कसा चालतो, भाऊबंदकीत कोर्टकचेरी आहे का, एवढी चौकशी झाल्याशिवाय लक्ष्मीपुरीतला व्यापारी ठेवपावती करत नाही. तोच व्यापारी मोबाईलवर काही मिनिटांत एसआयपी, म्हणजे ठरावीक काळाने ठरावीक रक्कम फंडात गुंतवणे, सुरू करतो आणि आपला पैसा ज्यांच्या हाती सोपवला त्यांपैकी एकाचेही नाव त्याला सांगता येत नाही. वास्तविक म्युच्युअल फंडात ही चौकशी अधिक सोपी आहे, कारण या माणसांची माहिती छापणे कायद्याने बंधनकारक आहे. योजनेच्या माहिती दस्तऐवजात फंड मॅनेजरचे वय, शिक्षण आणि अनुभव दिलेला असतो. विश्वस्त आणि संचालक यांची माहिती अतिरिक्त माहितीच्या निवेदनात मिळते. दोन्ही कागद फंड कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध असतात.

हे कागद वाचताना पदव्यांवर फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. चार्टर्ड अकाउंटंट, सीएफए, एमबीए, क्वचित त्याआधी अभियांत्रिकी, अशी तीच ती अक्षरे सगळीकडे दिसतात. पाहायचा तो अनुभवाचा रकाना. कर्जरोख्यांच्या योजनेचा मॅनेजर पूर्वी कंपन्यांची पत तपासण्याच्या कामात होता की केवळ रोख्यांच्या खरेदी-विक्रीत, यातून तो कोणती जोखीम लवकर ओळखेल याचा थोडाफार अंदाज येतो. शेअर योजनेच्या बाबतीत त्याने एखादी मोठी घसरण स्वतः पैसा सांभाळत पाहिली आहे का, हे मी आधी शोधतो.

विश्वस्तांची पाने तर कोणीच उघडत नाही. १९९६ च्या नियमावलीने किमान दोन तृतीयांश विश्वस्त प्रायोजकापासून, म्हणजे फंड स्थापन करणाऱ्या संस्थेपासून, स्वतंत्र असावेत असे ठरवले, कारण युनिटधारकांच्या, म्हणजे गुंतवणूकदारांच्या, वतीने फंड कंपनीवर नजर ठेवणे हेच त्यांचे काम. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना गुंडाळण्याचे जाहीर केले, तेव्हा या पदाचे वजन अनेकांना प्रथमच जाणवले. विश्वस्तांनी ठरवले म्हणजे पुरे, की युनिटधारकांची संमतीही हवी, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि संमती आवश्यक असल्याचा निर्वाळा मिळाला. म्हणून विश्वस्तांमध्ये निवृत्त बँकर, वकील, लेखापरीक्षक अशी वेगवेगळ्या पेशांची माणसे असली तर मला बरे वाटते. सगळे एकाच मुशीतले असतील तर अडचणीचा प्रश्न विचारणार कोण?

नियामकाकडे हाच प्रश्न वळवला की अधिक रंजक उत्तरे मिळतात. १९८८ मध्ये सेबी, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांची नियामक संस्था, स्थापन झाली तेव्हाचे पहिले अध्यक्ष एस. ए. दवे आयडीबीआय या वित्तसंस्थेतून आले होते आणि पुढे ते यूटीआय या देशातल्या पहिल्या म्युच्युअल फंडाचे अध्यक्ष झाले. १९९२ च्या कायद्याने सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, त्या वेळी जी. व्ही. रामकृष्ण हे प्रशासकीय सेवेतले अधिकारी प्रमुखपदी होते. नंतर डी. आर. मेहता रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नरपदावरून आले, तर जी. एन. बाजपेयी आयुर्विमा महामंडळाच्या अध्यक्षपदावरून. एम. दामोदरन हेही प्रशासकीय सेवेतले. २००१ मध्ये यूएस-६४ योजना अडचणीत आल्यानंतर यूटीआयची घडी बसवण्याचे काम त्यांच्याकडे गेले आणि २००५ मध्ये ते सेबीचे अध्यक्ष झाले. मार्च २०२२ मध्ये माधवी पुरी बुच आल्या, त्या पहिल्या महिला आणि खासगी क्षेत्रातून आलेल्या पहिल्या अध्यक्ष.

यांपैकी मला सर्वांत विचार करायला लावणारी जोडी म्हणजे सी. बी. भावे आणि यू. के. सिन्हा. भावे अभियंता, मग महाराष्ट्र केडरचे आयएएस अधिकारी, आणि सेवेचा राजीनामा देऊन त्यांनी एनएसडीएल ही डिपॉझिटरी, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या रूपात सांभाळणारी संस्था, उभी केली. ते सेबीचे अध्यक्ष असताना १ ऑगस्ट २००९ पासून गुंतवणूकदाराच्या रकमेतून कापले जाणारे प्रवेश शुल्क बंद झाले. सिन्हा यूटीआयच्या फंड कंपनीचे प्रमुख होते. त्यांच्या काळात २०१२ मध्ये मोठ्या शहरांबाहेरून पैसा आणणाऱ्या फंड कंपन्यांना योजनेवर जादा खर्च लावण्याची मुभा मिळाली, आणि १ जानेवारी २०१३ पासून वितरकाला वगळून गुंतवणूक करण्याच्या डायरेक्ट योजनाही सुरू झाल्या. पहिल्याने व्यवहाराची यंत्रणा उभारली होती, दुसऱ्याने फंड विकण्यातली मेहनत जवळून पाहिली होती; निर्णयांतला फरक त्यातून आला असावा, असे मी मानतो. अर्थात असे निर्णय एकट्या अध्यक्षाचे नसतात, त्यामागे समित्या आणि संचालक मंडळ असते.

ज्यांच्यावर नियमन करायचे त्यांच्यातूनच नियामक आला तर पक्षपात होईल, ही शंका रास्त आहे. भावे अध्यक्ष झाले तेव्हा एनएसडीएलशी संबंधित एक प्रकरण सेबीपुढे होते. त्यातून ते स्वतः बाजूला राहिले आणि ते काम दोन सदस्यांच्या समितीकडे गेले. तरीही बाहेरच्या, काहीच न पाहिलेल्या माणसापेक्षा आतून आलेला आणि हितसंबंध उघड करणारा माणूस मला अधिक उपयोगी वाटतो.

आपल्या गावात प्रत्यक्ष भेटतो तो मात्र वितरक, म्हणजे फंडाच्या योजना विकणारा माणूस. सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची पाच-अ ही शंभर गुणांची परीक्षा पन्नास गुणांनी उत्तीर्ण झाल्यावर ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून त्याला एआरएन हा नोंदणी क्रमांक मिळतो. त्याचे कमिशन फंड कंपनी देते. याउलट सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार ग्राहकाकडून फी घेतो. २०२० च्या दुरुस्तीनुसार अशी नोंदणी नसलेल्या वितरकाला स्वतःला स्वतंत्र वित्त सल्लागार म्हणवून घेता येत नाही. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत कोणाच्याही टेबलासमोर बसण्यापूर्वी ॲम्फीच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक टाकून पाहावा. एआरएनची मुदत तीन वर्षांची असल्यामुळे त्याचे नूतनीकरण झाले आहे की नाही, हेही तेथेच कळते.