कुडूचा मुलूख: पहिल्या आफ्रिकेची तयारी

मंडळी, आफ्रिकेतल्या शिकारीचं नक्की झालं. आगाऊ रक्कम गेली, तारखा जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढे अशा ठरल्या. प्लेन्स गेम म्हणजे कुडू (पिळाच्या शिंगांचं मोठं हरण), ऑरिक्स (सरळ लांब शिंगांचं), स्प्रिंगबॉक (छोटं हरण), वॉर्टहॉग (आफ्रिकी रानडुक्कर) ही मंडळी. सिंह, हत्ती, म्हैस यांच्या वाटेला जायचं नाही. आता मुलूख कसा निवडला ते लिहितो. पहिल्यांदा जाणारा माणूस दरपत्रकं घेऊन बसतो आणि तिथंच अडकतो, असं माझं मत झालंय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडं. मी मूळचा वाशीमकडचा, आता सॅन अँटोनिओत. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, त्यामुळे रायफल हातात आली ती टेक्ससमध्येच. इथली पहिली मोठी शिकार कोणती, तर रोही! वऱ्हाडात रोह्यानं रातोरात तूर लोळवली म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो, आणि इथं दक्षिण टेक्ससमध्ये त्याच नीलगाईच्या नरासाठी लोक पैसे मोजून रांगेत उभे राहतात. १९३०च्या सुमारास किंग रँचवर सोडलेले रोही आता किनारपट्टीभर पसरलेत. जनावर भलतंच चिवट. हे सांगतो कारण पुढे रायफलीचा विषय निघाला की रोही पुन्हा येणार आहे.

आधी देश. ही चाळणी लवकर झाली. केनियात १९७७ पासून शिकार बंद. बोत्स्वानानं २०१४ मध्ये बंद केली, २०१९ मध्ये पुन्हा उघडली, पण तिथला सगळा जोर हत्तीवर. टांझानिया आणि झांबिया मोठ्या बजेटचे देश. तिथं नुसत्या हरणांसाठी जाणं परवडत नाही. झिम्बाब्वे मला मनापासून आवडला असता, सेबल हे काळं हरण तर तिथलंच बघावं, पण तिथं प्लेन्स गेम बऱ्याचदा म्हशीच्या शिकारीला जोडून येतो. उरले दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया. पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांचं इथंच येऊन थांबतं, आणि त्यात काही गैर नाही.

आता दरपत्रकांबद्दल. सात दिवस, पाच जनावरं, एक ठोक आकडा; शेजारी फोटोत लांब शिंगांचा कुडू आणि हसरा पाहुणा. अशी पत्रकं एकाखाली एक मांडली की आपण जनावरांची संख्या भागिले डॉलर असं गणित करायला लागतो. मी ते बाजूला ठेवलं आणि स्वतःला दोनच गोष्टी विचारल्या. पहिलं जनावर कोणतं? आणि ते कसं मिळावं? पहिल्याचं उत्तर कुडू, त्यात दुमत नव्हतंच. दुसऱ्याचं उत्तर असं: पायी, डोंगरउतारावर दुर्बीण लावून शोधलेला, आणि शक्यतो अशा जमिनीवर जिथं त्याला निघून जायचं असेल तर जाता येईल. ही उत्तरं लिहून काढल्यावर अर्धे पर्याय आपोआप गळाले.

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेकडच्या लिम्पोपो प्रांतापासून सुरुवात करतो, कारण सगळे तिथंच पाठवतात. वॉटरबर्गच्या बाजूला व्हालवॉटर, थाबाझिम्बी, लेफलाले; वर नदीकडे ऑलडेज आणि मुसिना. काटेरी बाभूळवर्गीय झाडी, उत्तरेला मोपाने आणि बाओबाब. कुडू, इम्पाला, निळा वाइल्डबीस्ट, वॉटरबक, झेब्रा, बुशबक, न्याला: एवढी जनावरं एका मुक्कामी दुसरीकडे सहसा मिळत नाहीत. झाडी दाट, म्हणून नेमाचं अंतर कमी, बहुतेकदा १५० मीटरच्या आत. जोहान्सबर्गहून गाडीनं काही तासांत पोचता येतं. धनुष्यवाल्यांसाठी तर पाणवठ्यावरचे मचाण हीच जागा. नवख्याला लिम्पोपो सुचवणारे चुकत नाहीत.

मला अडलं ते कुंपण. दक्षिण आफ्रिकेत १९९१च्या कायद्यानं पुरेसं कुंपण घातलेल्या जमिनीवरच्या जनावरांची मालकी जमीनमालकाला टिकवता येते. म्हणून सुमारे २.४ मीटर उंचीच्या जाळ्या आल्या, आणि त्यामुळेच गुरांची हजारो शेतं पुन्हा वन्यजीवांकडे वळली, हेही खरं. दहा हजार हेक्टरच्या कुंपणात जनावराला कुंपण आहे हे कळतही नाही. पण पाचशे हेक्टरवर, मागच्या महिन्यात ट्रकमधून उतरवलेल्या कुडूमागे फिरायला मी एवढ्या लांब जाणार नाही. तेव्हा लिम्पोपोचा विचार करणाऱ्यांनी तीन प्रश्न लेखी विचारावेत: शिकार होईल तो एकसंध तुकडा किती हेक्टरचा, तिथली जनावरं तिथंच वाढलेली की विकत आणलेली, आणि तुमच्या यादीतलं एखादं जनावर दुसऱ्याच शेतावर नेऊन मारायचं ठरलंय का. उत्तर गोलमोल आलं तर पुढच्याकडे वळा. मला एकाकडून सुंदर, सरळ उत्तरं मिळाली. दुसऱ्या मोसमासाठी ते नाव राखून ठेवलंय.

त्याच देशातल्या, दक्षिणेकडच्या ईस्टर्न केप प्रांतानं मला खरं तर सर्वांत जास्त मोहात पाडलं. मलेरिया नाही, गेबेऱ्हाला (जुनं पोर्ट एलिझाबेथ) उतरलं की थोड्याच वेळात शेत. एका दरीत स्पेकबूम आणि युफोर्बियाची घनदाट जाळी, तर पलीकडे कारूचं उघडं पठार. डोंगरात माउंटन रीडबक आणि व्हाल र्‍हीबक. वारा सतत वाहता, नेम लांबचे, पाय आणि फुप्फुसं दोन्ही कामाला. मुलांना घेऊन जायचं असेल तर दुसरं काही बघू नका.

पण तिथला कुडू अंगानं आणि शिंगांनी लहान. एससीआयच्या (सफारी क्लब इंटरनॅशनल या शिकाऱ्यांच्या संघटनेच्या) नोंदींत त्याला वेगळा वर्गच आहे. मला इंचांचं वेड नाही; रोलंड वॉर्ड या शिकारीच्या नोंदवहीत कुडूच्या शिंगाची किमान मर्यादा ५३ ७/८ इंच आहे हे मला पाठ आहे, पण टेप घेऊन कोणी माझ्या दारात उभं राहणार नाही. तरीही लहानपणी चित्रात पाहिलेला, अडीच पिळांचा तो मोठा कुडू एकदा डोळ्यांसमोर हवा होता. दुसरी गोष्ट अशी की ईस्टर्न केपच्या यादीतली बरीच जनावरं मूळची तिथली नाहीत. इम्पाला, न्याला ही उत्तरेकडून आणून सोडलेली. मी टेक्ससमध्ये राहतो. परक्या जमिनीवर चितळ, काळवीट आणि रोही पाहायला मला घराबाहेर दोन तास पुरतात. आफ्रिकेत तरी जनावर आपल्या मूळ जागी भेटावं.

फ्री स्टेटवर फार वेळ घालवला नाही. मोकळं गवताळ पठार. काळा वाइल्डबीस्ट, ब्लेसबॉक, स्प्रिंगबॉक, आणि नेम दोनशे-तीनशे मीटरवरचे. काळा वाइल्डबीस्ट एकेकाळी नामशेष व्हायला आला होता आणि थोड्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर तगला, म्हणून त्याच्याबद्दल आदर आहे. पण ज्याला कुडू हवा त्यानं तिथं जाऊ नये. नॉर्दर्न केपमधलं कालाहारी म्हणजे लाल वाळू आणि गेम्सबॉक, म्हणजे ऑरिक्सच. ती वेगळी सहल आहे, केव्हातरी होईल. क्वाझुलू-नाताल न्यालासाठी, झालं.

तर नामिबिया. विंडहुकच्या पश्चिमेचा खोमास हायलँड, उंची १,७०० मीटरच्या पुढे. खडकाळ टेकड्या, कोरडे ओढे, काटेरी झुडपं. सकाळी एखाद्या सुळक्यावर बसून समोरचा उतार दुर्बिणीनं चाळायचा, दिसला तर वारा पाहून फेरा घालून जवळ जायचं. मला हवी होती ती नेमकी हीच पद्धत. शेतं अवाढव्य, पाच हजार हेक्टर म्हणजे काही विशेष नाही, आणि बऱ्याच ठिकाणी कुंपण गुरांपुरतंच. कुडू ते उभ्या जागेवरून ओलांडतो, ऑरिक्स खालून सरकतो, वॉर्टहॉग बोगदा खणतो. मलेरियाचा प्रश्न देशाच्या उत्तरेला. या पट्ट्यात नाही. जून-जुलैत रात्री पारा शून्याजवळ येतो, त्यामुळे बायकोनं आत्ताच लोकरीचे कपडे काढून ठेवलेत. ती शिकार करत नाही आणि मटणही खात नाही. पण वाळवंट आणि तारे बघायला येणार आहे, आणि मुक्कामाच्या स्वयंपाकघराला तिच्यासाठी डाळ-तांदूळ शिजवायला जमेल का हा प्रश्न मी हेक्टरांच्या आधी विचारला होता. जमेल म्हणाले.

नामिबियाचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत आणि पानं भरलेली असतात, कुडू दहा पावलांवर उभा असला तरी दिसत नाही. मे-जूनच्या सुमारास मोठे नर माद्यांकडे येतात. पुढे पानगळ होते आणि जनावरं पाण्याला बांधली जातात. म्हणून जूनचा शेवट. एका परवान्यावर एका जातीची जास्तीत जास्त दोन जनावरं असा नियम आहे, जो मला लागू पडायची वेळच येणार नाही.

मार्गदर्शकांच्या परवान्यांच्या पायऱ्या तिथं वेगवेगळ्या आहेत, हे बुकिंगआधी बघून घ्या. हंटिंग गाइडला स्वतःच्या नोंदणीकृत जमिनीवरच पाहुणा फिरवता येतो. प्रोफेशनल हंटरला इतरत्रही. तुम्हाला एकाच शेतावर राहायचं असेल तर मालकच गाइड असलेला उत्तम, कारण त्याला त्याचे म्हातारे कुडू तोंडपाठ असतात. नामिबियाच्या शिकारी संघटनेनं, म्हणजे नाफानं, वयाला मान देणारी मोजणीपद्धत आणली आहे. शिंगाचं टोक झिजून लांबी घटलेला म्हातारा नर तिथं तरण्या लांबशिंग्यापेक्षा वरचा ठरतो. माझ्या पसंतीच्या मालकानं पहिल्याच बोलण्यात लांबीऐवजी वय काढलं, आणि माझं मत तिथंच झुकलं.

काळजीच्या दोन गोष्टी मात्र आहेत. एक दुष्काळ: २०२४ मध्ये नामिबियानं राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली होती. दुसरी पिसाळरोग. कुडू आणि पिसाळरोग हे ऐकून मी चक्रावलो होतो, पण १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथं कुडूंमध्ये रेबीजची मोठी साथ आली आणि कळप विरळ झाले. नंतरही साथी येत राहिल्या. तेव्हा मध्य नामिबियातल्या कोणाशीही बोलताना गेल्या काही वर्षांत कुडू किती मेले हा प्रश्न विचारायचाच. माझ्याकडे आलेल्या उत्तरात त्या मालकानं ऑरिक्स कमी झाल्याचं मोकळेपणानं सांगितलं, कुडू बरे आहेत म्हणाला, आणि यादीतला दुसरा ऑरिक्स स्वतःच काढून टाकला. पैसे बुडवून खरं बोलणाऱ्या माणसाकडे जावं.

रायफलीचा प्रश्न कायद्यानंच सोपा केलाय. स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावरांना नळीच्या तोंडाशी किमान १,३५० जूल, कुडू-ऑरिक्सला २,७००, आणि म्हशीसारख्या मोठ्यांना ५,४००. माझी .३०-०६ रायफल, १८० ग्रेन वजनाची गोळी, साधारण ३,९०० जूल देते. जी बंदूक रोह्याला पुरली ती कुडूलाही पुरते, वजनं जवळपास सारखीच. .२४३ ही हलकी रायफल वापरणाऱ्या मित्रांनो, तुमची नेहमीची १०० ग्रेनची गोळी २,७०० च्या किंचित खाली राहते, लक्षात असू द्या. सेमी-ऑटोमॅटिक आणि पिस्तूल चालत नाही. परवान्याचा अर्ज विंडहुकला उतरल्यावर भरून होतो. दक्षिण आफ्रिकेत एसएपीएस ५२० हा तिथल्या पोलिसांचा अर्ज, निमंत्रणपत्र, मालकीचे पुरावे, काळी शाई, सगळा सोहळा असतो. अमेरिकेतून निघताना रायफलीची नोंद करणारा कस्टम्सचा ४४५७ अर्ज मात्र दोन्हीकडे लागतो. पुण्या-नागपुरातून जाणाऱ्यांनी सरळ मुक्कामाची रायफल भाड्यानं घ्यावी आणि आधी तिच्यावर कागदी निशाणाचा सराव करावा.

सराव चालू आहे. बाकावरून मारणं बंद. तीन पायांच्या स्टिक्सवरून, उभ्यानं, धाप लागलेली असताना. इथल्या व्हाइटटेल हरणासाठी आपण फऱ्यामागे नेम धरतो. आफ्रिकन हरणांचं हृदय पुढे आणि खाली, म्हणून पुढच्या पायाच्या सरळ रेषेत वर, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. डोळ्याला ही सवय लागायला वेळ लागतो. शंभर मीटरवर आता भरवसा वाटतो, दोनशेवर निम्माच. मालकाला तसं कळवलंय. दोनशेच्या पलीकडे तो मला मारू देणार नाही, मीही मागणार नाही.

पैशाचं थोडक्यात: दिवसाचा दर वेगळा, जनावराचा वेगळा, आणि रक्ताचा थेंब पडला की जनावर सापडो न सापडो, पूर्ण पैसे. बक्षिसी, कातडी-शिंगांचं निर्जंतुकीकरण, जहाजाचं भाडं, इकडचा कस्टम्स एजंट आणि टॅक्सिडर्मिस्ट (जनावराचं डोकं-कातडी भरून देणारा) यांचं अंदाजपत्रक आधी मागा; बऱ्याच जणांना ते शिकारीच्या बिलाएवढं जातं. मांस तिकडेच राहतं, शेतावर आणि मजुरांच्या घरी खाल्लं जातं, आणि बिल्टाँग, म्हणजे वाळवलेलं मांस, तेसुद्धा अमेरिकेत आणता येत नाही. ते तिथंच संपवणार.

आत्ता राहिलंय ते झेब्र्याचं. खोमासमध्ये हार्टमनचा पहाडी झेब्रा आहे, पण तो साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात. निर्यात परवाना वेगळा, खर्च वेगळा. बायकोचं म्हणणं, झेब्रा फोटोत चांगला दिसतो. या आठवड्यात मालकाला ‘एक कुडू, एक ऑरिक्स, एक वॉर्टहॉग, स्प्रिंगबॉक जमला तर’ अशी यादी पाठवतोय. कोणी जोहान्सबर्गमार्गे रायफल घेऊन विंडहुकला गेलं असेल, तर सामान थेट पुढे गेलं की मध्ये पोलिसांकडे थांबावं लागलं, एवढं सांगा. फ्रँकफर्टमार्गे जायचं की कसं, ते त्यावर ठरेल.