सोरायसिस की जुनाट एक्झिमा? स्लाइडवर काय पाहायचं

‘क्रॉनिक डर्मटायटिस, नॉन-स्पेसिफिक’ (त्वचेचा जुनाट दाह, नेमका कोणता ते सांगता येत नाही) एवढाच रिपोर्ट आला, की बायोप्सीची, म्हणजे तपासणीसाठी त्वचेचा तुकडा काढण्याची, सुई-टाके सोसूनही रुग्ण होता तिथेच राहतो. असा रिपोर्ट पुष्कळदा टाळता येतो, पण त्यासाठी जुनाट दाह त्वचेत नेमकं काय करतो ते आधी कळायला हवं.

निरोगी त्वचेत तळाच्या थरात जन्मलेली पेशी वर सरकत साधारण चार आठवड्यांत गळून पडते. वाटेत तिचं केंद्रक नाहीसं होतं, म्हणून सगळ्यात वर केंद्रक नसलेल्या केराटिनची (त्वचेवरच्या कडक प्रथिनाची) सैल, टोपलीच्या विणीसारखी जाळी दिसते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशीला पिकायला वेळच मिळत नाही. केराटिनच्या थरात निळ्या, चपट्या केंद्रकांच्या रांगा उरतात, हा पॅराकेराटोसिस. त्याखालचा दाणेदार ग्रॅन्युलर थर विरळ होतो किंवा दिसतच नाही.

आता भिंगाखाली थोडं खाली उतरा. एपिडर्मिसच्या (त्वचेच्या वरच्या थराच्या) मुळ्या, म्हणजे रेटे रिजेस, डर्मिसमध्ये (त्याखालच्या थरात) लांबवर गेलेल्या असतात: जवळजवळ सारख्या लांबीच्या आणि टोकाशी फुगीर. दोन मुळ्यांमध्ये डर्मिसचा जो उंचवटा असतो, त्यात केशवाहिन्या फुगून वेटोळ्या झालेल्या असतात आणि त्यांच्या डोक्यावर एपिडर्मिसचे मोजकेच थर उरतात. खवला खरवडला की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब येतात, त्या ऑस्पिट्झ चिन्हाचं कारण हेच. याच वाहिन्यांतून निघालेले न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वर चढून पॅराकेराटोसिसमध्ये छोटे पुंजके करतात. ते मन्रोचे मायक्रोॲब्सेस.

जुनाट एक्झिमातही एपिडर्मिस जाड होते, गोंधळ तिथेच होतो. पण तिथल्या मुळ्या लहानमोठ्या, वेड्यावाकड्या असतात. ग्रॅन्युलर थर टिकतो, खाजवून खाजवून उलट जाड होतो, आणि वरच्या डर्मिसमध्ये कोलॅजनच्या उभ्या रेघा दिसतात. सुरुवातीला पेशींमध्ये पाणी साचून झालेला स्पंज आता ओसरलेला असतो. लायकेन प्लॅनस हा आणखी एक त्वचारोग त्या मानाने सरळ आहे: करवतीच्या दातांसारख्या मुळ्या आणि एपिडर्मिसला खालून चिकटलेला लिम्फोसाइटचा (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) पट्टा.

पुस्तकातलं हे चित्र रोज जसंच्या तसं मिळत नाही. उपचार चालू असलेल्या सोरायसिसमध्ये ग्रॅन्युलर थर परत येतो, न्यूट्रोफिल गायब होतात. तळहात-तळपायावर सोरायसिसमध्येही स्पंज दिसू शकतो. केराटिनमध्ये न्यूट्रोफिल दिसले, तर सोरायसिस लिहिण्याआधी पीएएस स्टेन (बुरशी दाखवणारा रंग) लावाच. गजकर्णाची बुरशी हुबेहूब असं सोंग घेते.

बायोप्सी घेताना जागा निवडणं सगळ्यात महत्त्वाचं. खाजवून सोललेली किंवा पू झालेली जागा नको. शक्य असेल तर त्या भागावर दोन आठवडे स्टेरॉइड मलम बंद ठेवावं. ४ मिमीचा पंच (गोल तुकडा कापणारं पातं) चरबीपर्यंत न्यावा. तुकडा चिमट्यात दाबला तर लिम्फोसाइट चिरडून निळे ओघळ उरतात, म्हणून तो सुईने अलगद उचलावा. १० टक्के फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. मात्र इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने अँटिबॉडी शोधण्याच्या तपासणीसाठी) वेगळा तुकडा घ्यावा आणि तो फॉर्मॅलिनमध्ये अजिबात टाकू नये. मेणात बसवताना तुकडा कडेवर उभा हवा. तिरका कापला गेला तर साधी त्वचासुद्धा जाड भासते आणि मुळ्या सुट्या बेटांसारख्या दिसतात.

फॉर्मवर जागा, कालावधी आणि लावलेली औषधं लिहा. नुसतं ‘स्किन बायोप्सी’ लिहिलं, तर तपासणाऱ्याला पायाच्या घोट्याजवळची त्वचा की कोपराची, हेसुद्धा कळत नाही.

प्रौढ माणसाचा ‘एक्झिमा’ औषधांना दादच देत नसेल, तर पहिल्या रिपोर्टवर थांबू नका. स्पंज जवळजवळ नाही आणि तरीही एपिडर्मिसच्या तळाशी लिम्फोसाइट रांगेने बसलेले दिसले, तर मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेच्या लिम्फोमाची (लिम्फोसाइटच्या कर्करोगाची) शंका घ्यावी लागते. सुरुवातीच्या टप्प्यात एका बायोप्सीत तो निसटतो. वेगवेगळ्या जागांवरून, काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते.