पगार आमचा, टीप गिऱ्हाइकाची : आमची वाटचाल

रेस्टॉरंट सुरू करताना जागा, परवाने, भांडीकुंडी, उसनवारी या सगळ्यातून प्रत्येकाला जावं लागतं, आम्हीही गेलो. त्यावर इथे फार लिहीत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त खल झाला तो माणसांच्या पगारावर आणि टीपेवर, आणि मला अभिमान आहे तोही त्याचाच.

मालक होण्याआधी मी बरीच वर्षं वेटर होतो. कामाला ठेवताना पगाराचा आकडा सांगायचे आणि त्याच दमात म्हणायचे, "वर टीप आहेच." गर्दीच्या दिवसांत ती असायची. मंदीत टेबलं ओस पडली की नसायची, आणि घरभाडं मात्र ठरल्या तारखेला द्यावं लागायचं. आजारी पडलं की टीप बंद. कर्ज मागायला जावं तर पगाराच्या चिठ्ठीवर जेवढं छापलेलं तेवढंच धरायचे. मग मालकाकडे उचल मागायची आणि पुढचे दोन महिने ती फेडत बसायचं.

म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही एक ठरवलं : टीप शून्य धरायची आणि तरीही माणसाचं घर चालेल इतका पगार द्यायचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हॉटेल-रेस्टॉरंट कामगारांविषयीच्या 1991च्या करारात हेच तत्त्व आहे. टीप मिळो न मिळो, मूळ वेतन नियमितपणे मिळालंच पाहिजे. त्याच 1991 साली अमेरिकेत टीप घेणाऱ्या कामगारांचं केंद्रीय किमान वेतन तासाला 2.13 डॉलर झालं, आणि ते अजूनही तिथेच आहे. टीप धरून तासाला 7.25 डॉलर हे सर्वसाधारण किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा, असा कायदा आहे. पण फरक मिळाला नाही तर तक्रार कोणी करायची? ज्याची नोकरी त्याच मालकाच्या हातात आहे त्याने. कॅलिफोर्नियासारख्या सात राज्यांनी मालकांना कमी पगाराची ही सवलतच ठेवलेली नाही. तिथे टीपेआधी पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं.

पूर्ण पगार द्यायचा म्हणजे मेनूकार्डावरचे दर शेजारपाजाऱ्यांपेक्षा चढे ठेवावे लागले. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं दर बघूनच परत जायची. आम्ही तग धरला.

मग टीप बंदच का केली नाही, असं पुष्कळ जण विचारतात. न्यूयॉर्कमध्ये डॅनी मेयर या नावाजलेल्या रेस्टॉरंटवाल्याने 2015 साली तसं जाहीर केलं होतं आणि 2020 मध्ये टीप परत सुरू केली. मी ते बारकाईने वाचलं. ज्या वेटरची कमाई टीपेवर चांगली होते, त्याला नुसत्या पगारावर थांबवणं छोट्या धंद्याला झेपत नाही. शिवाय कोणी खूश होऊन चार पैसे देत असेल तर अडवणारे आम्ही कोण? पैसे कसे वाटायचे, एवढंच आमच्या हातात होतं.

आणि खरी खडाजंगी तिथेच झाली. मोरीवर एक मावशी आहेत. गरम पाण्याने त्यांच्या बोटांची कातडी सोललेली असते, रात्री कढया घासून झाल्याशिवाय त्या निघत नाहीत. त्यांचं तोंड एकाही गिऱ्हाइकाने पाहिलेलं नाही, मग टीप कोण देणार? सगळी टीप एकत्र करून स्वयंपाकघरालाही वाटा द्यायचा, असं मी मांडलं तेव्हा आमचा सगळ्यात जुना वेटर उभा राहिला. म्हणाला, "शेठ, बोलणी आम्ही खातो." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बरेच दिवस चर्चा चालली. शेवटी कामाच्या तासांवर वाटणी ठरली, टेबलावरच्यांना तासामागे थोडा जास्त वाटा. तो वेटर आजही आमच्याकडे आहे.

मी आणि मॅनेजर त्यातलं काही घेत नाही. गर्दीत मीही ताटं उचलतो. तेव्हा हातात आलेली टीपही डब्यात जाते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2024 पासून कायदाच आहे की टीपेतला एक पैसाही मालकाने कापायचा नाही आणि पुढच्या महिनाअखेरीच्या आत ती वाटायची. आम्ही दर आठवड्याला वाटतो. कार्डाने आलेली टीप आमच्या खात्यात जमा होते, तीही वहीत चढते; कार्डावर बँक कापते ती रक्कम धंद्यातून जाते. वही गल्ल्याशेजारी उघडी असते, ज्याने त्याने बघून सही करायची.

पूर्ण पगाराचा एक परिणाम माझ्या ध्यानात आधी आला नव्हता. एकदा एका गिऱ्हाइकाने आमच्या वेटर मुलीचा हात धरला. तिने हात सोडवून घेतला, "बिल आणते," एवढंच म्हणाली आणि सरळ माझ्याकडे आली. मी त्या माणसाला बाहेरचा रस्ता दाखवला. टीपेवर पोट असलेली मुलगी हसून गप्प बसते, हे मी जुन्या ठिकाणी किती वेळा पाहिलंय.

सध्या वाद नव्या शिकाऊ मुलांवरून आहे. त्यांना पहिल्या दिवसापासून वाटा द्यावा, असं स्वयंपाकघराचं म्हणणं. काम अंगवळणी पडल्यावर द्यावा, असं टेबलावरच्यांचं. माझं मत पहिल्या दिवसापासूनच्या बाजूने आहे आणि ते मी सगळ्यांना सांगितलंय. पण वाटणी त्यांच्या पैशांची आहे, तेव्हा पुढच्या बैठकीत हात वर करून तेच ठरवतील.