मोकळ्या समाजातून दिंडीत

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरकडे निघालेल्या माणसाला वाटेत पहिल्यांदा विचारतात ते त्याचे गाव. गाव कळले की आडनाव विचारतात, आणि आडनाव कळले की विचारणाऱ्याला पुढचे बरेचसे न विचारताच कळते. माझ्यापाशी या प्रश्नाचे सरळ उत्तर नव्हते. माझे आजोबा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्मले, वडीलही तिथेच आणि मीही तिथेच वाढले. लग्नानंतर पुण्यात आले आणि तेव्हापासून कोथरूडच्या एका सोसायटीत राहते. ग्वाल्हेरला आम्ही तीन पिढ्यांनंतरही ‘दक्षिणी’च होतो, आणि पुण्यात माझ्या मराठीचे कौतुक करणारी माणसे मला अजून भेटतात. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचे असे कौतुक कोणी करत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे निव्वळ भक्तीच्या ओढीने मी वारीला गेले असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. जिथे सगळे सगळ्यांचे असतात असे लहानपणापासून ऐकत आले होते, तिथे आपल्याला जागा आहे का, हे मला पाहायचे होते.

सुरुवातीला मी कोणत्याही दिंडीत नव्हते. दिंडीशी न जोडलेली जी माणसे पालखीच्या मागे-पुढे आपापली चालतात, त्यांना वारीत ‘मोकळा समाज’ म्हणतात. पुण्यातून निघून दिवे घाट चढून सासवडला पोहोचण्याची चाल ही सगळ्या वाटेतली सर्वांत लांब, सुमारे बत्तीस किलोमीटरची. त्या एका दिवसात मला किती ठिकाणी चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि रेनकोट मिळाले, किती अनोळखी मुलांनी तळपायांना तेल चोळून दिले, याची गणती नाही. प्रत्येक जण ‘माउली’ म्हणून हाक मारत होता आणि पुढच्याच क्षणी तीच हाक मागच्या माणसाला मारत होता. ही सेवा खरी होती, तिच्यात काडीचाही दिखाऊपणा नव्हता. तरीही संध्याकाळी सासवडच्या एका शाळेच्या ओट्यावर भिजलेले कपडे वाळत घालताना माझ्या लक्षात आले, की दिवसभरात हजारो माणसांनी माझी विचारपूस केली, पण मी पोहोचले की नाही हे पाहायला थांबलेले त्यांच्यात कोणीच नव्हते.

आमच्या सोसायटीत भाजी घेऊन येणाऱ्या बाई सातारा जिल्ह्यातल्या एका दिंडीतून दर वर्षी चालतात. सासवडला पालखीचा दोन दिवस मुक्काम असतो. तिथे मी त्यांना गाठले आणि त्यांच्या ओळखीने, भिशीचे पैसे भरून, रथामागच्या त्या दिंडीत नाव घातले. जेवणाखाणाच्या आणि वाहनाच्या खर्चाची ही वर्गणी दिल्याखेरीज दिंडीत चालता येत नाही, आणि त्यात वावगे काही नाही, कारण ट्रक, टँकर, ताडपत्र्या आणि आचारी नुसत्या भावावर चालत नाहीत.

बाहेरून पाहणाऱ्याला वारी म्हणजे माणसांचा पूर वाटतो, परंतु आत गेल्यावर दिसते ती काटेकोर रचना. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येकीचा क्रम ठरलेला. दिंडीतही पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, त्यामागे वीणेकरी, आणि मग तुळशीवृंदावने व पाण्याचे हंडे घेतलेल्या स्त्रिया. पहाटे पहिला कर्णा वाजला की आवराआवर करायची, दुसऱ्याला रांगेत उभे राहायचे आणि तिसऱ्याला पालखी हलते. समानतेचे जे चित्र मी मनात घेऊन आले होते, त्यात इतक्या रांगा नव्हत्या. तरी चुकामूक झाल्यावर पताकेवरचा आपल्या दिंडीचा क्रमांक शोधून धावत जाऊन आपल्या रांगेत शिरण्याचा अनुभव घेतला, आणि मोकळ्या समाजात मला काय कमी पडत होते ते कळले. परत येण्यासाठी एक नेमकी जागा असावी लागते.

पहिले काही दिवस दिंडीने मला पाहुण्यासारखे वागवले. ‘पुण्याच्या बाई’ म्हणून राहुटीतली कोरडी बाजू मला मिळाली, पंगतीत भाकरीवर तूप मला आधी वाढले गेले, आणि भांड्यांना हात लावू लागले की कोणीतरी ते हातातून काढून घेई. आग्रहाने लांब ठेवण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. नव्या सुनेला पहिल्या सणाला पाटावर बसवतात तसाच हा प्रकार. लोणंदच्या मुक्कामात पावसाने चूल पेटेना, आचारी वैतागला होता, आणि मी कडेला उभी राहून पाहत होते. तेव्हा आमच्या राहुटीतल्या सर्वांत वयस्कर मावशी माझ्यावर खेकसल्या, ‘नुसती उभी राह्यलीयास व्हय? ह्यो लसूण सोल.’ मी तो लसूण सोलला. दुसऱ्या दिवशीच्या चालीत त्यांनी डोक्यावरची तुळस न विचारता माझ्या डोक्यावर ठेवली आणि मान ताठ ठेवायला सांगून स्वतः हात हलवत पुढे निघून गेल्या. दुपारच्या विसाव्यापर्यंत माझी मान आखडली. त्यानंतर मात्र ‘पुण्याच्या बाई’ हे नाव मी ऐकले नाही.

याच दिवसांत दिंडीच्या महाराजांशी बोलताना ग्वाल्हेरचा उल्लेख निघाला आणि त्यांनी मला हैबतबाबांची आठवण करून दिली. पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, पण त्यांची हयात गेली ती ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदारकीत. गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना अडवून कोंडले, तिथे त्यांनी हरिपाठ म्हटला आणि सुटका झाल्यावर घरी न जाता ते आळंदीला येऊन राहिले, असे परंपरा सांगते. पुढे अंकलीच्या शितोळे सरकारांच्या साहाय्याने, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्यांनी घोडे, तंबू, दिंड्यांचा क्रम ही सगळी व्यवस्था बसवली. आळंदीच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे. महाराज हसत म्हणाले, ‘म्हणजे हे सगळं तुमच्या गाववाल्यानंच मांडलंय की.’ हे सौजन्य होते हे मला कळत होते. तरीही ‘गाव कोणतं’ या प्रश्नाला त्या दिवसापासून मी ‘ग्वाल्हेर’ असे एका शब्दात उत्तर देऊ लागले आणि पुढचे स्पष्टीकरण द्यायचे सोडून दिले.

रिंगणाविषयी सगळेच लिहितात, म्हणून मी लिहीत नाही. मला अधिक सांगावेसे वाटते ते समाजआरतीविषयी. संध्याकाळी पालखी तळावर पोहोचली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती गोल उभ्या राहतात, लाखभर माणसांचे टाळ-मृदंग एकदम घुमत असतात, आणि चोपदार हातातला दंड वर करतात. त्यासरशी टाळ थांबतात. मग हरवलेल्या वस्तू, सापडलेल्या वस्तू, उद्या निघण्याची वेळ, हे सगळे पुकारले जाते आणि नंतर आरती होते. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दंड वर गेल्यावरही थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते. तेवढ्या शांततेत त्या एकाच दिंडीचे टाळ सगळ्यांना ऐकू येतात. चोपदार स्वतः त्या दिंडीपाशी जातात, काय झाले ते ऐकून घेतात, समाधान करतात, आणि मगच पुढचे सुरू होते.

हे मी प्रथम पाहिले ते वाल्ह्याच्या तळावर. वाटेत दुसऱ्या दिंडीने मध्ये घुसून क्रम मोडला अशी त्या दिंडीची तक्रार असल्याचे मागाहून कळले. तक्रारीपेक्षा मला विशेष वाटली ती तिची पद्धत, कारण इतक्या मोठ्या समुदायात बेसूर होण्याची मुभा नियमातच ठेवलेली आहे. आजवर ज्या ज्या ठिकाणी मी सामावून जाण्याचा प्रयत्न केला, ग्वाल्हेरची शाळा असो की पुण्यातले कार्यालय, तिथे मी एकच उपाय केला होता: कुरकुर न करता इतरांच्या तालात ताल मिसळणे. पाहुणा तक्रार करत नाही, म्हणून तर तो पाहुणा राहतो. वारीच्या या जुन्या रीतीत मात्र तक्रार करणारा बाहेरचा ठरत नाही. ज्याला क्रमांक आहे त्यालाच टाळ वाजवत राहता येतात. मोकळ्या समाजातल्या माणसाने ते वाजवले असते तर चोपदार कोणापाशी गेले असते?

म्हणून नातेपुत्याच्या मुक्कामात, जेवणानंतर दिंडीची मंडळी उद्याच्या चालीचे बोलत बसली असताना, मी विषय काढला. आमच्या दिंडीत पुरुषांची पंगत आधी बसे आणि स्त्रियांची नंतर. अंधारात आंघोळी उरकता याव्यात म्हणून स्त्रिया रात्री दोन-अडीचला उठतात, आणि पालखी उशिरा पोहोचली तर त्यांना जेवायला अकरा वाजतात. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतले. मला विरोध केला तो मावशींनी. ‘आम्ही काय आजवर उपाशी मेलो का?’ असे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि दोन-चार बायकांनी माना डोलावल्या. विचार करू, एवढ्यावर त्या रात्री ते थांबले. दुसऱ्या दिवशी माळशिरसला मोकळे शेत मिळाल्याने दोन्ही पंगती समोरासमोर एकदम बसल्या. वेळापूरला जागा अपुरी पडली आणि पुन्हा जुनाच क्रम सुरू झाला.

पंढरपुरात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याचे कूस बांधताना ते कोसळून चोखोबा गेले आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी इथे आणल्या, अशी कथा आहे. ज्या दाराशी ते सबंध आयुष्य उभे राहिले, त्या दारातून त्यांच्या जातीच्या माणसांना आत जायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी त्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. म्हणजे कित्येक शतके वारी होती, आलिंगने होती, एकमेकांच्या पाया पडणे होते, आणि आत जाताना मात्र निवड होती. दिंड्यांत जातवार वेगळ्या पंगती बसत, त्यालाही फार काळ लोटलेला नाही. आडनावाचा प्रश्न अजून विचारला जातोच. हे ठाऊक असून मी त्या दिंडीत आपली म्हणून राहू इच्छिते, आणि त्या दोन गोष्टी माझ्या मनात नीट जुळत नाहीत.

पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याला जाण्याआधी मठात पुढच्या वर्षीच्या भिशीची यादी लिहायला घेतली होती. माझे नाव मी सांगण्याआधीच लिहिलेले होते. त्याच बैठकीत मी पंगतीचा विषय पुन्हा काढला, तेव्हा व्यवस्थापकांनी तो कार्तिकीच्या बैठकीत घेण्याचे कबूल केले. मावशींचा विरोध कायम आहे. आधी पुरुषांना उरकून दिले की मागे बायकांना निवांत, हवे तेवढे बसून बोलता येते, आणि तो वेळ मी त्यांच्याकडून काढून घ्यायला निघाले आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. मेथीची जुडी माझ्यापुढे टाकून त्यांनी ते मला अर्धा तास समजावून सांगितले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी मात्र कार्तिकीला तो विषय मांडणारच आहे.