साठ पुरणपोळ्यांचा हिशोब

मंगळवारची ओपीडी, बाहेर आठ-नऊ जण बसलेले, आणि आमच्या रिसेप्शनवरची मुलगी आत येऊन हळूच म्हणते, मॅडम त्या पोळीवाल्या ताई आल्यात पण आत यायला बिचकतायत, मॅडमचा मूड कसाय ते आधी बघून ये म्हणाल्या. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. मी आहारतज्ज्ञ आहे, गणिताची बाई नाही, पण पेशंट वजनकाट्याला घाबरण्याआधी आम्हाला घाबरतात हे खरंय.

या ताईंचं पुण्यात पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेतात, हाताखाली तीन बायका, रोजच्या तीनशे-साडेतीनशे पोळ्या, आणि सणासुदीला पुरणपोळीच्या ऑर्डरी वेगळ्या. दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा वजन 79.2, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 210, आणि डोक्यात एकच, मला लो कार्ब करायचंय, म्हणजे पोळी-भात-साखर तोडायची, माझ्या जावेचं बारा किलो उतरलं. मीही हो म्हटलं. शुगर नव्हती, शुगरच्या गोळ्या नव्हत्या (त्या चालू असतील तर हा प्रयोग कुणी आपल्या मनाने करू नये, डोस कमी न करता कार्ब तोडले तर शुगर खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो). मग अंडी, पनीर, पालेभाज्या, काकडी, दही, मूठभर शेंगदाणे असा चार्ट दिला. पोळी बंद, भात बंद. दिवसभर तव्यावर पोळी फुगताना बघणाऱ्या बाईला मी पोळी बंद केली, हे तेव्हा मला फार खटकलंही नाही!

पहिल्या आठवड्यात 3.1 किलो उतरलं. आणि इथे माझी चूक. मी टाळी दिली, म्हटलं वा ताई, चरबी वितळायला लागली. आता ही चरबी नव्हती हे मला माहीत होतं की. साधा हिशोब आहे, एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, तीन किलो सात दिवसांत जाळायची तर रोज तीन हजारांच्या वर तूट पाहिजे, ताईंचा दिवसभराचा सगळा खर्चच दोन-सव्वादोन हजार. मग काय गेलं? मुख्यतः पाणी. लिव्हर आणि स्नायूंमधे मिळून चार-पाचशे ग्रॅम साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. कार्ब तोडले की साठा रिकामा, पाणी बाहेर, शिवाय इन्सुलिन उतरलं की किडनी मीठ सोडते, त्याच्याबरोबर अजून पाणी. पण समोर माणूस एवढा खुश बसलेला असताना कोण पाण्याचं सांगणार? मी नाही सांगितलं.

सहा महिन्यांत 67.8 वर आल्या, ट्रायग्लिसराइड 130, गुडघे दुखायचे थांबले. हे सगळं खरं होतं, त्यात पाणी थोडं आणि चरबी बरीच होती. मग ताई यायच्या बंद झाल्या. दोनदा फोन केला, उचलला नाही.

तर त्या मंगळवारी आत आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि काही विचारायच्या आत सुरू झाल्या. गेल्या वर्षी मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, दोन दिवस, हळद आणि लग्न, मॅडम मी जिलबी खाल्ली, मसालेभात खाल्ला, मठ्ठा प्यायले, सोमवारी सकाळी काट्यावर उभी राहिले तर 70.1. सव्वादोन किलो, दोन दिवसांत! सहा महिन्यांची मेहनत दोन दिवसांत गेली म्हटल्यावर मी त्याच दिवशी तव्यावरच्या चार पोळ्या तूप लावून उभ्याउभ्या खाल्ल्या, आणि मग काय, सुटलंच. एवढं बोलून रडायला लागल्या, आणि पदराने डोळे पुसताना पदराला लागलेलं पीठ गालाला लागलं.

मी केसपेपर उलटा केला आणि पेन त्यांच्या हातात दिलं. म्हटलं ताई, तुम्हीच करा हिशोब. 2.3 किलो चरबी वाढायला रोजच्या जेवणाच्या वर जवळपास 17,700 कॅलरी पोटात जायला हव्यात. तुमची पुरणपोळी तूप धरून तीनशेची समजू. किती होतात? त्यांनी ओठ हलवत भागाकार केला. साठ? मग एकदम मान वर. "मॅडम साठ पुरणपोळ्या म्हणजे अख्खी ऑर्डर हो! तीन बायका दोन तास बसतात त्याला." मी विचारलं, खाल्ल्या होत्या का लग्नात साठ? तर रडता रडता हसायला लागल्या, म्हणाल्या चार जिलब्या खाल्ल्या असतील.

म्हणजे जे पाणी पहिल्या आठवड्यात गेलं होतं तेच दोन दिवसांत परत आलं होतं, वर लग्नातल्या जेवणातलं मीठ. चार दिवस नेहमीसारखं खाल्लं असतं तर बरंचसं उतरलंही असतं. उतरताना पाण्याला चरबी म्हणून आम्ही दोघी नाचलो, आणि चढताना त्याच पाण्याला चरबी समजून त्या बाईने हात टेकले. पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर पुढचं वर्ष असं गेलं नसतं, असं मला तरी वाटतं. तसं त्यांना सांगितलंही, सॉरी म्हटलं. त्यांना ते विचित्र वाटलं बहुतेक.

मग काट्यावर उभं केलं. 74.9. ताई म्हणाल्या, बघा, सगळं परत आलं. मी म्हटलं सगळं कुठे, 79.2 वरून आलात, दीड वर्षानंतर 4.3 किलो कमीच आहात अजून. आणि हे काही वाईट नाहीये. स्टॅनफर्डमधे 609 लोकांवर वर्षभर अभ्यास झाला होता, 2018 मधे छापून आला, अर्धे लो कार्ब अर्धे लो फॅट, वर्षाने सरासरी घट 6 किलो आणि 5.3 किलो, म्हणजे फरक नाहीच म्हणा. दोन्ही गटांत कुणी पंचवीस किलोच्या वर उतरलं, कुणाचं उलट सात-आठ किलो वाढलं. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त लक्षात राहिली, लो कार्बवाल्यांना सुरुवात दिवसाला 20 ग्रॅम कार्बपासून करायला लावली होती, आणि वर्षाच्या शेवटी ते सरासरी 130 ग्रॅमच्या आसपास खात होते. वर्षभर क्लास घेऊनसुद्धा! 2009 चा अजून एक मोठा अमेरिकन अभ्यास आहे, 811 लोक, चार तऱ्हेची डाएट, दोन वर्षांनी सगळीकडे सरासरी चार किलोच्या आसपास. आपल्याकडे मधे डॉ. दीक्षितांसारखं दिवसातून दोनदाच जेवायचं की ऋजुता दिवेकरांसारखं थोडं थोडं खायचं यावरून घराघरात वाद झाले, पण कुठलं डाएट करताय यापेक्षा तिसऱ्या वर्षी काय खाताय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

लो कार्ब चालत नाही असं मी म्हणत नाही हां. भूक आवरते, प्रोटीन वाढतं, ट्रायग्लिसराइड उतरतं, काही लोक त्यात वर्षानुवर्षं मजेत राहतात, माझे स्वतःचे दोन पेशंट आहेत. पण ते पोळ्या लाटत नाहीत.

ताईंना विचारलं, त्या चार्टमधलं काय अजून चालू आहे? म्हणाल्या चहात साखर नाही घेत, सकाळची दोन अंडी आहेत, आणि रात्री भात सुटला तो सुटलाच. बाकी? म्हणाल्या, मॅडम एक मागू का, पहिली पोळी तव्यावरून काढली की कशी झाली ते बघायला खावीच लागते हो, सहा महिने मी ती दुसरीला चाखायला लावत होते. म्हटलं खा. ती पहिली पोळी आणि दुपारी दोन, बरोबर उसळ किंवा अंड्याची भाजी, ताटात आधी भाजी वाढायची. वजन आठवड्यातून एकदा, आणि लग्नकार्य झालं की चार दिवस काट्याकडे जायचंच नाही.

याला आता पाच महिने झाले. परवा 72.6 भरलं, कमरेचा घेर चार सेंटिमीटर कमी. हळू आहे, त्यांच्या जावेला सांगण्यासारखं काही नाही. होळीच्या आदल्या दिवशी त्यांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, केंद्राच्या ओट्यावर वर्तमानपत्रावर रचलेल्या पुरणपोळ्यांच्या थप्प्या, आणि खाली लिहिलेलं, मॅडम मोजून साठ आहेत, माझे सव्वादोन किलो ओळखा.